न तपासता लावलेली रॅम

“कालपर्यंत बराबर चालू होता.”

परतूरच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेली बावीस वर्षं माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो. मी मान हलवतो. कालपर्यंत बराबर चालू होता, म्हणूनच तर परवा आला नाही आणि आज आला!

माणसं नाना तऱ्हेची येतात. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा डबा उघडला की आतून मूठभर कापूस निघतो. त्याचे पंखे कसे फिरत असतील याचं मला दर हंगामात नवल वाटतं. आष्टीच्या एका गृहस्थांनी तर एसटीने फक्त मॉनिटर मांडीवर घेऊन आणला होता. “डबा कुठंय?” म्हटलं तर म्हणाले, “डबा घरीच ठेवला. त्याची लाइट लागून राह्यली. बिघडलंय ते हे, याच्यात काहीच दिसंना.” मॉनिटर ठणठणीत होता. घरी मागची वायर निघालेली होती. बिचारे तो परत मांडीवर घेऊन गेले, आणि जाताना माझेच आभार मानून गेले.

आमचा धंदा तसा सोपा आहे. एकेक वस्तू काढायची, दुसरी लावून बघायची, आणि दोष कुणाचा ते ठरवायचं. अवघड एवढंच, की कधीकधी दोष दुरुस्त करणाऱ्याचा असतो. ती वस्तू काढून बाजूला ठेवता येत नाही. मला हे ज्यांच्यामुळे कळलं त्या मीनाताईंची आणि त्यांच्या मशीनची हकीकत सांगतो.

मीनाताई आष्टीच्या. पंधरा वर्षं त्यांनी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. मग परतूरला येऊन टायपिंग शिकल्या, मराठी टाइप शिकल्या, आणि घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी कॉम्प्युटर मांडला. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, असं काम. कॉम्प्युटर त्यांनी माझ्याकडूनच घेतला. जुना होता, पण चांगला होता.

दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. “वसंतभाऊ, पत्रिकेत फोटो टाकला का लई हळू चालायलाय.”

म्हटलं, रॅम कमी पडते. आणि त्यांना समजावं म्हणून त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. “ताई, तुमचं कापड कपाटात असतं, पण कापायला घेतलं की टेबलावर पसरावं लागतं. कॉम्प्युटरचं कपाट म्हणजे हार्ड डिस्क, अन् टेबल म्हणजे रॅम. तुमचं टेबल लहान आहे. एक जोडून देतो.”

रॅम म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा थोडी लांब हिरवी पट्टी असते, मदरबोर्डवरच्या खाचेत उभी बसते. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा जुन्या पट्ट्या पडलेल्या असत. त्यातली एक काढली. ती कुठल्या मशीनमधून आली होती हे मला तेव्हाही आठवत नव्हतं. ताईंच्या मशीनमधल्या पट्टीची कंपनी वेगळी, हिची वेगळी. तिचा वेग वेगळा, हिचा वेगळा. पण आकार एक, खाच एक. लावली, मशीन चालू झाली, स्क्रीनवर दुप्पट आकडा दिसला. मी स्क्रू आवळले आणि परतूरला निघालो. ती पट्टी तपासायला निदान दोन तास गेले असते, आणि दुकानात माणसं खोळंबली होती.

त्याच सुमारास मीनाताईंना मोठं काम मिळालं. आष्टीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. गावाचं नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. शाळेने स्मरणिका काढायचं ठरवलं. शंभरेक पानं, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी, जुने फोटो. मुख्याध्यापकांनी जालन्याला न जाता काम मीनाताईंना दिलं. एवढं मोठं पुस्तक त्यांनी कधी केलेलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, हे नीट झालं तर लोकं मला ‘ब्लाउजवाली’ म्हणणं सोडतील.”

आणि मशीन अडकायला लागली. काम चालू असताना स्क्रीन थिजून जायची. माउस हलायचा नाही, की काही नाही. कधी निळा पडदा येऊन आपोआप बंद व्हायची.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दहा मिनिटांत निदान केलं. “तुमच्या घरात अर्थिंग नाही.” ते खरंही होतं. मीनाताईंचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, सत्तरीचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी अंगणात स्वतः खड्डा खणला. वायरमनने सांगितलं तसं त्यात मीठ टाकलं, कोळसा टाकला, तांब्याची पट्टी पुरली. पुढे रोज सकाळी आबा त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचे. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचे, “कंपुटरसाठी हाय.”

मशीन अडकतच राहिली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, “व्हायरस आहे. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल.” मीनाताई घाबरल्या. “माझी पानं?” म्हटलं, “तुमचं सगळं आधी काढून ठेवतो.” मी त्यांच्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, मशीन पुसली, नवीन विंडोज टाकलं, फायली परत ठेवल्या. चहा घेतला आणि आलो.

दोन दिवसांनी फोन. आवाज खाली गेलेला. “भाऊ, पानं उघडंनात.”

आता जे झालं होतं ते सांगतो. टेबलाचा एक भाग कुजलेला असेल आणि तुम्ही कपाटातलं सगळं कापड त्या टेबलावरून दुसऱ्या कपाटात नेलं, तर काही कापडं फाटूनच जाणार. खराब रॅममधून फाइल गेली की तिच्यातली अक्षरं बदलतात, आणि मशीन काही बोलत नाही. ती गुपचूप चुकीचं लिहून मोकळी होते. मी ज्या फायली वाचवायला म्हणून काढल्या, त्यातल्या बऱ्याच मीच त्या वाटेने नेऊन नासवल्या. आणि वर मूळच्या पुसल्या.

पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी चिडलेलोच होतो. आत शिरता शिरता म्हणालो, “ताई, तुम्ही मधेच बटन बंद करता का?”

मीनाताईंनी शिलाई मशीनच्या खणातून मापं लिहायची वही काढली आणि माझ्या हातात दिली. मागच्या पानापासून त्यांनी लिहायला सुरुवात केली होती. मशीन ज्या ज्या वेळी अडकली तो वार, ती वेळ, पंखा चालू की बंद, फ्रिज चालू की बंद, आणि त्या वेळी स्क्रीनवर काय काय उघडलं होतं. वीस-बावीस नोंदी होत्या.

मी वाचत गेलो. पंख्याचा काही संबंध नव्हता. फ्रिजचा नव्हता. पण प्रत्येक नोंदीत एक गोष्ट होती: फोटोचं काम आणि पुस्तकाचं पान दोन्ही एकाच वेळी उघडलेलं. नुसतं टायपिंग चालू असताना मशीन एकदाही अडकली नव्हती.

“ताई, हे तुम्ही कशासाठी लिहिलं?”

“ब्लाउज उसवला का मी विचारते, बसताना उसवला का हात वर करताना. त्याच्यावरून कळतं कुठं चुकलं ते.”

मी वही मिटली. काम हलकं असलं की पहिलं टेबल पुरतं. काम वाढलं की मशीन दुसऱ्या टेबलावर पसरते. दुसरं टेबल मी दिलं होतं.

डबा उघडला. दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले, कारण कधीकधी नुसता मळही त्रास देतो. मग ताईंची जुनी पट्टी एकटी लावली आणि रॅम तपासायचा प्रोग्राम सुरू केला. तो पट्टीच्या एकेका कप्प्यात आकडा लिहितो, परत वाचतो, आणि लिहिलेला व वाचलेला जुळला नाही तर लाल ओळ दाखवतो. तास गेला, दीड तास गेला. एकही लाल ओळ नाही. मग माझी पट्टी एकटी लावली. अर्धं काम होईपर्यंत स्वच्छ. पुढे लाल, लाल, लाल. स्क्रीन भरून गेली.

आबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. “सापडलं जणू?” ते म्हणाले.

“सापडलं.”

“काय होतं?” मीनाताईंनी विचारलं.

आणि मी म्हणालो, “एक पार्ट खराब झाला होता. होतं असं. मशीनच आहे शेवटी.”

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पट्टी नंतर खराब झाली नव्हती; मी खराबच लावली होती. मी ती खिशात टाकली.

नुकसान मोजायला बसलो. एकतीस पानं गेली होती. त्यातल्या बहुतेकांचे हाताने लिहिलेले कागद ताईंकडे होते. परत टाइप करता आली असती. एक लेख मात्र कागदावर नव्हताच. गणपतमामांचा.

गणपतमामा त्या शाळेचे पहिले शिपाई. त्यांचा हात थरथरतो, लिहिता येत नाही. ते मीनाताईंकडे येऊन बसले होते, बोलत गेले होते आणि ताईंनी सरळ मशीनवर उतरवून घेतलं होतं. तीन तास. शहात्तर वर्षांच्या माणसाला आता परत कसं म्हणायचं, की सांगितलेलं सगळं हरवलं?

“मी जातो,” म्हटलं. “मी घेऊन येतो त्यांना.”

मामा घराच्या ओट्यावर तूर निवडत बसले होते. मी सांगितलं, मशीन बिघडली, तुमचं लिहिलेलं गेलं. त्यांनी सुपातला हात थांबवला आणि विचारलं, “समदं गेलं?”

“हो मामा. चुकलं आमचं.”

“बरं झालं,” मामा म्हणाले आणि सूप बाजूला ठेवून उठले. “चला. टोपी घेऊन येतो.”

बरं झालं कशाला म्हणाले, ते मला मोटारसायकलवर वाटभर समजेना.

मीनाताईंनी नवीन पान उघडलं. मामा शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. शाळा देवळात भरायची तेव्हापासून सुरुवात झाली. पहिली खोली, पत्रे, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. ताई म्हणाल्या, हे सगळं मागच्या वेळीही सांगितलं होतं. मग मामा थांबले.

“आता रेडिओचं लिही.”

“रेडिओचं? ते न्हाई सांगितलं मागं,” ताई म्हणाल्या.

“न्हाई सांगितलं. म्हणून तर म्हणलं, बरं झालं गेलं ते.”

मामांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

“शाळेला गावानं वर्गणी काढून रेडिओ घेतल्ता. रातचा सरपंचाच्या घरी राहायचा, सकाळी मी शाळेत आणायचो. एक दिवस वढ्यात माझा पाय घसरला. रेडिओ पडला. कोपऱ्याला चीर गेली. मी धोतरानं पुसला अन् कपाटात नेऊन ठेवला. कुनाला बोललो न्हाई. दुपारी दिगंबर गुरुजींनी बटन पिळलं, तर आवाजच न्हाई. गुरुजींना घड्याळं-बिड्याळं खोलायचा नाद होता. गावाला वाटलं, त्येंनीच खोलून बिघडवला. लोकं लई बोलले. वरती तक्रार गेली. उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली. मी त्येंचं सामान गाडीत चढवलं. तवा बी बोललो न्हाई. मी रोजंदारीवर होतो, घरी दोन लेकरं. गुरुजी जाताना मला म्हणले, गणपत, तब्येत सांभाळ. बास.”

मीनाताईंची बोटं थांबली होती. “मामा, हे छापू का? लोकं नावं ठेवतील तुम्हाला.”

“छाप. माझं नाव लिही, अन् गुरुजींचं बी बराबर लिही. त्येंनी रेडिओ बिघडवला न्हाई, असं लिही.”

माझ्या खिशात ती पट्टी होती. मामांना घरी सोडून ताईंकडे परत आलो. सरळ परतूरला निघून जाता आलं असतं. पण ज्या माणसाला मी आत्ता घरी सोडलं होतं, तो कितीतरी वर्षं गप्प बसला होता, आणि त्याचं त्याला किती ओझं झालं होतं ते मी दोन तास बघितलं होतं. मी पट्टी काढून शिलाई मशीनवर ठेवली.

“ताई, पार्ट नंतर खराब नाही झाला. मी खराबच लावला. जुना होता, तपासला नव्हता. अर्थिंग, व्हायरस, सगळं माझं चुकीचं. तुमची पानं माझ्यामुळे गेली.”

ताईंनी पट्टी उचलून बघितली. “म्हणजे न बघताच लावली?”

“हो.”

“मी गिऱ्हाइकाला ब्लाउज देताना आधी घालून बघायला लावते, भाऊ. कितीबी घाई असू द्या.”

बाहेरून आबांचा आवाज आला. “अन् माझा खड्डा?”

“खड्डा चांगला आहे आबा,” मी म्हणालो. “घराला अर्थिंग पाहिजेच असतं.”

“मंग ठीक हाय,” आबा म्हणाले. मीनाताई हसल्या नाहीत. त्या दिवशी मला चहाही मिळाला नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि एकाच कंपनीच्या, एकाच वेगाच्या दोन नव्या पट्ट्या घेऊन आष्टी गाठली. अशा जोडीला एकमेकींशी जुळवून घ्यावं लागत नाही. भिन्न पट्ट्या कधी चालतात, कधी मधेच रुसतात, आणि रुसल्या की आम्हालाच कोड्यात टाकतात. ताईंच्या समोर तपासणी लावली. पूर्ण होईपर्यंत त्या स्वतः स्क्रीनसमोरून हलल्या नाहीत. एकही लाल ओळ आली नाही तेव्हा म्हणाल्या, “आता बसा. कागद वाचा.”

चार दिवस मी ते हस्तलिखित कागद मोठ्याने वाचत होतो आणि त्या टाइप करत होत्या. कुणाचं अक्षर लागायचं नाही, कुणाच्या आठवणीत तेच तेच यायचं. तिसऱ्या दिवशी चहा आला. चौथ्या दिवशी जेवण आलं, बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी. एकतिसावं पान झालं तेव्हा ताईंनी मापांची वही उघडली आणि त्या नोंदींच्या खाली आडवी रेघ मारली.

स्मरणिका वेळेवर छापून झाली. दरम्यान ताईंनी एक काम केलं, ते मला नंतर कळलं. दिगंबर गुरुजींचा पत्ता शोधायला त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. गुरुजी काही वर्षांपूर्वी गेले होते, पण त्यांची मुलगी सुनंदाताई परभणीला होत्या. त्यांना निमंत्रण गेलं, आणि त्यासोबत गणपतमामांच्या लेखाची प्रत.

कार्यक्रमाच्या दिवशी मला शाळेच्या आवारात मांडव दिसला, आणि मांडवाच्या कडेला गणपतमामा, धुतलेल्या टोपीत, अवघडून बसलेले. पुस्तक सगळ्यांच्या हातात होतं. लोकांनी मामांचं पान वाचलं होतं. ते कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हते. सुनंदाताई आल्या. साठीच्या, साध्या, हातात पर्स आणि ती प्रत. मीनाताईंनी त्यांना मामांपाशी आणलं. मी शेजारीच उभा होतो.

मामा उठून हात जोडायला लागले, तसे सुनंदाताईंनी त्यांचे हात धरले. “मामा, बाबांना माहीत होतं.”

“काय?”

“रेडिओ पडलेला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, तेव्हा चिरेत ओढ्याची वाळू निघाली. आई नेहमी सांगायची.”

“मंग बोलले का न्हाईत?”

“तुमचं काम गेलं असतं म्हणून. आणि दुसरं एक होतं.” सुनंदाताई हसायला लागल्या. “आजी परभणीकडे एकटी होती. बाबा तीन वर्षं बदलीचे अर्ज करत होते, एकही मंजूर होत नव्हता. गावाने तक्रार केली आणि चार महिन्यांत घराजवळची शाळा मिळाली. आमच्या घरी रेडिओ लावला की बाबा म्हणायचे, गणपतचे आपल्यावर उपकार आहेत.”

मामा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. खाली बसले. परत उठले. मग मीनाताईंकडे वळून म्हणाले, “पोरी, हे बी लिहून घे.”

“मामा, आता पुस्तक छापून झालं की.”

“असू दे. तुझ्या मशीनीत ठेव.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आता त्याच्यातलं जात न्हाई ना?”

“न्हाई मामा,” मी म्हणालो. “आता बघून लावलंय.”